साडभाऊंची डार्लिंग

अकोल्याच्या माझ्या साडभाऊंएवढं बायकोचं कौतुक करणारा माणूस सगळ्या वऱ्हाडात नसेल, आणि त्यांच्याएवढं माझं नुकसानही कोणी केलेलं नाही. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. बायकोला सकाळी ‘हनी’, जेवताना ‘स्वीटहार्ट’, चष्मा हरवला की ‘डार्लिंग’. नुसती हाक मारून थांबत नाहीत, शब्दाची वंशावळ सांगतात. इंग्रजीत ‘बुली’ म्हणजे आज गुंड, पण कधीकाळी जिवलग; हे कळल्या दिवशी त्यांनी भर बाजारात वांगी निवडणाऱ्या बायकोला ‘माय बुली’ म्हणून हाक मारली. त्यांच्या आईला डार्लिंग हे सुनेचं माहेरचं नाव वाटायचं. म्हातारी शेवटपर्यंत म्हणायची, “डार्लिंग, भाकर टाक वं!”

मी मूर्तिजापूरच्या बाजारात बैलांचे सौदे करून अमरावतीत घर बांधलं. आमचा भाव दुपट्ट्याखाली बोटं दाबून ठरतो, तोंड वाजवावं लागत नाही. बायकोलाही मी आजवर ‘अवं’वरच भागवलं. पण या वेळी ती बहिणीकडून, म्हणजे साडभाऊंच्याच घरून, आली ती फुगूनच.

“तुमाले एक शब्द जड जाते काय? बैलाले तं राजा म्हनता!”

एवढं बोलून तिनं अबोला धरला. चार दिवस मुका चहा पिऊन माझं डोकं फिरलं. तडक अकोला गाठलं.

“साडभाऊ, आग तुमी लावली. आता शब्दबी तुमीच द्या. जुना अन् टिकाऊ.”

“मग डार्लिंगच न्या. हनीपेक्षा म्हातारा, डिअरच्या घराण्यातला.”

“खोट?”

“सिनेमावाल्यांनी लई राबवला. पण दात शाबूत आहेत.”

बसमध्ये शब्द घोकत आलो. दारात बायको दिसली आणि तोंडातून नेहमीचं ‘अवं’च निघालं. शेवटी खांद्यावरचा दुपट्टा तिच्या हातावर टाकला आणि खालून तिची दोन बोटं दाबली. तीही बैलवाल्याचीच लेक.

“एवढ्यात नाई परवडत,” म्हणत तिनं माझा सगळा पंजा धरला. मग हसली.

पुढच्या खेपेला अकोल्याला गेलो तेव्हा हे सगळं साडभाऊंना सांगितलं. आत त्यांची बायको कणीक मळत होती.

“एवढ्या हाका मारल्या हो,” ते हळूच म्हणाले, “पन तिनं ‘काय जी’च्या पुढं कधी उत्तर नाई दिलं. मले शिकवसान काय हे?”

मी दुपट्टा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातावर पसरून खालून स्वतःचीच दोन बोटं दाबून पाहिली. ते उठून आत गेले.