हळदीच्या रंगाचं इंजिन

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईला पोपटी साडीचं अस्तर जुळवून देत होते. रहिमतपुरात माझं मॅचिंग सेंटर आहे, आणि सकाळच्या त्या गर्दीत सांगलीहून वहिनी कधी फोन करत नाहीत. "वन्सं, ह्ये गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. चहा मागितला होता म्हणे, आणि त्या कप घेऊन येईपर्यंत खुर्चीतच मान टाकली होती. मी फोन ठेवला, अस्तर कापलं, घडी घालून बाईच्या हातात दिलं. ते चक्क तांबडं कापलं होतं हे मला नंतर कळलं. बाई भली, गुपचूप घेऊन गेली. आज महिना उलटला तरी त्या अस्तराची आठवण आली की रडू येतं आणि हसूही येतं, कारण तांबड्या-हिरव्याची गल्लत आमच्या घरात एकटा दादाच करायचा.

माझा थोरला भाऊ दिनकर रंगांधळा होता. कडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे दादाला सगळे धांदरट म्हणायचे. आईनं पिकलेल्या मिरच्या तोडायला पाठवलं की हा निम्म्या हिरव्या घेऊन यायचा आणि मार खायचा. मग मी त्याच्याबरोबर जायला लागले. "ही तोड, ही नगं," असं मी म्हणायचं आणि त्यानं तोडायचं. तेव्हापासून मी त्याचे रंगाचे डोळे झाले. शर्ट कुठला, चटणी कुठली, पतंग कुठला, सगळं मला विचारायचा. मला त्याचा केवढा तोरा होता! सुट्टीत आम्ही मामाकडं रहिमतपूरला यायचो आणि दोघंही स्टेशनावर जाऊन बसायचो. तिथं मात्र त्यानं मला कधी काही विचारलं नाही. तेव्हा सिग्नलला लाकडी हात असायचे. हात आडवा असला की थांब, खाली कलला की जा. एवढं त्याला लांबूनसुद्धा दिसायचं, आणि गाडी सुटायच्या आधी तोच मला सांगायचा की आता सुटणार.

त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं. लेखी परीक्षा पास झाला, वस्तीवर पेढे वाटले, आणि डोळ्यांच्या तपासणीत अडकला. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरून आत कुठला आकडा दिसतो ते विचारलं, आणि दादाला नुसते ठिपकेच दिसले. तो घरी परतला. रात्रीची जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते, तिथं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शाले, तितं तू पायजे हुतीस." मला तेव्हा बरं वाटलं होतं, आपल्यावाचून याचं अडतं म्हणून. त्या वाक्यात त्याला काय सलत होतं, ते कळायला मला म्हातारी व्हावं लागलं.

पुढं तो साखर कारखान्यात फिटर झाला. हाताला चांगला होता, जिभेला त्याहून. मिलमधलं कुठलं चाक कुरकुरलं की ते दुरुस्त करायचा आणि नंतर आठवडाभर त्याची फुशारकी मारायचा. निवृत्त झाल्यावर सांगलीत घर बांधलं, आणि एक दिवस पुण्याला गेला तो खोकं घेऊनच परतला. कुणा हौशी गृहस्थानं आपला छोट्या आगगाडीचा पसारा मोडायला काढला होता, त्यातलं एक डिझेल इंजिन, थोडे डबे आणि रूळ यानं उचलले. इंजिन हातभरसुद्धा नाही, वीतभर! वहिनींनी कपाळाला हात लावला. गुडघे दुखतात म्हणून भाजी आणायला न जाणारा माणूस खेळण्यासाठी पुण्याला जाऊन आला, हे त्या मला फोनवर सांगत होत्या आणि मागून दादा ओरडत होता की खेळणं म्हणू नका.

खेळणं नव्हतंच ते. पुढच्या खोलीत प्लायवूडचं मोठं टेबल केलं, त्यावर रूळ ठोकले. रूळ स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचे, इंजिनाच्या दातऱ्यांना इंजेक्शनच्या सुईनं तेलाचा एकच थेंब द्यायचा, आणि डबे जोडायच्या आधी नुसतं इंजिन सावकाश पुढं-मागं फिरवून मोकळं करायचं. नवीन बैलाला एकदम ओझं लावतात का, असं मला विचारायचा. रुळांतून वीज जाते आणि ती इंजिनाची चाकं उचलतात. विजेच्या पेटीवरचं बटण फिरवलं की वेग वाढतो. दोन तारा उलट्या जोडल्या की गाडी उलटी धावते. आता तारा आल्या लाल आणि हिरव्या, आणि तिथंच तर आमच्या दादाची पंचाईत. मग त्यानं माझ्याच दुकानातनं दोऱ्याचं रीळ नेलं आणि कुठली लाल नि कुठली हिरवी हे न बघता तारांना दोऱ्याच्या गाठी मारल्या. उजव्या रुळाच्या तारेला एक गाठ, डाव्या रुळाच्या तारेला दोन.

हे मला कुठं माहीत? एकदा मी गेले तेव्हा त्याचा गुडघा धरला होता, म्हणून त्यानं मला तारा जोडायला सांगितल्या. मी पेटीवर लाल खूण बघितली, लाल तार लावली, हिरवीला हिरवी लावली. दुनिया असंच करते. त्यानं ऐटीत बटण फिरवलं आणि इंजिन सरळ मागं धावत टेबलाच्या कडेवरनं खाली, वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या त्या परातीत! वहिनींनी जी काय आरती केली ती इथं लिहिण्यासारखी नाही. दादा मात्र इंजिनातले तांदूळ फुंकून काढत म्हणाला, "तू रंगावर गेलीस. हितं रंगाला इचारत न्हाईत, गाठीला इचारत्यात."

मग त्याला घाट हवा झाला. सांगली, रहिमतपूर आणि पुढं आदर्कीचा घाट, एवढं त्या टेबलावर बसवायचं. गोणपाटावर प्लॅस्टर लावून डोंगर केला, आणि चढ असा केला की सगळे डबे लावले की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसायचं. पुण्याच्या हौशी मंडळींशी त्याची फोनवर ओळख झाली होती. माणसं चांगली, त्यांनी सांगितलं, चढ कमी करा. दादा म्हणाला, घाट काय माझ्या बापाचा आहे का कमी करायला? कृष्णेच्या काठावर मासे धरणारे असतात, त्यांच्याकडनं जाळ्याची शिशाची वजनं आणली, ती ठोकून चपटी केली, आणि इंजिनाचं वरचं टप काढून आत चाकांवर येतील अशी चिकटवली. वजन वाढलं, चाकांनी रूळ धरला, आणि सगळे डबे घेऊन गाडी घाट चढली. मला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, पण आनंदात फोन स्वतःकडंच धरून बसला होता, मला नुसता त्याचा चेहरा दिसला.

त्या खंडेनवमीला वहिनींनी घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर इंजिनाचीही पूजा केली. गाडीला हळद-कुंकू लावतात तसं इंजिनाच्या नाकाला लावलं, आणि उंबऱ्याला लावतात तशी चांगली ओली हळद-कुंकवाची बोटं रुळांवरही ओढली. सांगलीच्या बाईचा हात हळदीला आखडता कशाला असेल? दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला मी आणि इतर पाहुणे येणार म्हणून टेबल सजवलं... आणि आम्ही पोचेपर्यंत हळद रुळांवर वाळून कडक झालेली. सगळ्यांसमोर गाडी निघाली आणि रहिमतपुराच्या अलीकडं बंद पडली. ढकलली की जरा चालायची, पुन्हा बंद. मोटर जळाली म्हणून वहिनी रडकुंडीला आल्या. दादानं वाकून रूळ बघितले, बोट फिरवलं, आणि पोट धरून हसला. स्पिरिटनं रूळ पुसले, चाकं पुसली. इंजिनाच्या नाकावरची हळद पुसायला मी फडकं घेतलं तर माझा हात धरला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ह्यो रंग मला दिसतोय."

मूळ इंजिन तांबड्या रंगाचं होतं, ते त्याला चिखलासारखं दिसायचं हे मला त्या दिवशी समजलं. मी म्हटलं, दुकानात एवढी शेड कार्डं आहेत, तुला हवा तो रंग जुळवून देते. नको म्हणाला. स्वतःच टप उतरवलं, घासलं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी निवडून राजापुरी हळदीच्या रंगात अख्खं इंजिन रंगवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला न विचारता रंग घेतला. मला जरा झोंबलं, खोटं का बोलू! पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, या मार्गावर असलं पिवळं इंजिन कधी धावलं नाही. दादा म्हणाला, या मार्गावर मीही कुठं धावलोय?

मग सांगलीतल्या एका शाळेच्या सभागृहात छोट्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. दादाचं टेबल तिथं मांडलं. रंगीत दिव्यांचे सिग्नल काढून त्यानं पत्र्याचे हातवाले सिग्नल बसवले होते. सिग्नल ते पुण्याचे गृहस्थ चालवणार, गाडी दादा. सुरू व्हायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "शाले, आज तू बोलायचं न्हाईस. कायबी झालं तरी." मी पदर तोंडात धरून मागं उभी राहिले. गाडी सांगलीतनं सुटली, रहिमतपूर गेलं, घाटाला लागली, आणि नेमका भर चढावर सिग्नलचा हात आडवा झाला. दादानं गाडी उभी केली. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं हेच अवघड असतं. हात खाली कलला. त्यानं बटण अगदी हळू फिरवलं. चाकं एकदा घसरली... आणि मग शिशानं काम केलं. गाडी एकेक डबा ओढत वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो लोकांकडं बघेना. गर्दीतनं मला शोधलं आणि विचारलं, "मदी कुणी सांगितलं का मला?"

"न्हाई दादा," मी म्हटलं, "कुणीबी न्हाई."

त्यावर तो जो ताठ झाला तो घरी जाईपर्यंत ताठच होता. रिक्षावाल्यालासुद्धा सगळं सांगितलं. मला त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी इंजिन, थोडे रूळ आणि पेटी माझ्याकडं दिली. त्यांच्याच्यानं बघवेना. परवा दुपारी दुकानात मी कापड कापायच्या टेबलावर रूळ जोडले, स्पिरिटनं पुसले, पिवळं इंजिन ठेवलं. तारा घेतल्या आणि माझा हात सवयीनं लालकडं गेला. जन्मभर रंग जुळवून पोट भरलेली बाई मी! थांबले. डोळे मिटले आणि बोटांनी चाचपलं. एक गाठ उजवीकडं, दोन डावीकडं. बटण फिरवलं, आणि इंजिन पुढं निघालं, बॉबिनच्या खोक्याजवळनं, मापाच्या पट्टीला वळसा घालून. तेवढ्यात तीच पोपटी साडीवाली बाई अस्तर बदलून न्यायला आली. दारात उभी राहून बघत राहिली, आणि हे कुणाचं म्हणून विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या दादाचं. ड्रायव्हर होता तो."