रेघेच्या वरचं तेल

आधीच सांगून टाकतो — भूत, भानामती, अंगात येणं यातलं मला काहीही पटत नाही. तीस वर्षं ट्रक चालवला. गाडी बंद पडली तर डिझेल बघायचं, बॅटरी बघायची, लिंबू-मिरची बघत बसायचं नाही, असा माझा स्वभाव. तुमचे इथले अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसतो, हेही कबूल करतो. पण एक गोष्ट अशी घडलीय की तिथं माझी हुशारी संपते.

गाव माझं पाचोड. गाडी जुनी, सेकंडहॅन्ड. मोसंबी भरून जळगावला न्यायचो. त्या गाडीला आजच्यासारखा कागदी एअर फिल्टर नव्हता, ‘ऑईल बाथ’ होता. म्हणजे इंजिनाजवळ एक पत्र्याचं भांडं, त्यात थोडं ऑईल, वर तारेची जाळी. बाहेरची हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते, स्वच्छ हवा इंजिनात. फेकून द्यायचं काही नाही. जाळी डिझेलमध्ये धुवायची, वाळवायची, भांड्यातला गाळ खरवडायचा, नवं तेल आतल्या रेघेपर्यंत भरायचं... की फिल्टर पुन्हा कामाला हजर.

हे काम कायम हमीदचाचा करायचे. छत्रपती संभाजीनगर — तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो — तिथं जालना रोडला त्यांचं छोटं गॅरेज होतं. गाडीची सगळी अक्कल मला त्यांनीच दिली. जाळी उन्हाकडं धरून कोपरा न् कोपरा तपासायचे. मी घाई केली की म्हणायचे, “नाक दबाके दौड़ेगा क्या तू? फिर गाड़ी को कायकू दौड़ाता?” आणि तेल ओतताना ठरलेलं वाक्य, “लकीर के ऊपर एक बूंद बी नक्को.” का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, म्हातारा तेलाच्या बाबतीत चिक्कू आहे.

त्या वर्षी श्रावणात चाचांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गॅरेजला कुलूप लागलं. खंडेनवमीला गाडी मीच धुतली, जाळी मीच साफ केली, तेल रेघेपर्यंत भरलं. तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली आणि भांड्यात डोकावली.

“हे आर्धंच का रं?”

“एवढंच लागतंय, आई.”

“सणाच्या दिशी आर्धं भांडं पुजत्यात व्हय? भर की. लक्ष्मी हाय ती.”

आईपुढं कुणाचं शहाणपण चाललंय? म्हटलं, जरा जास्त झाल्यानं काय आभाळ कोसळत नाही. काठाला जेमतेम बोटभर ठेवून भरलं. भांडं बसवलं, क्लिपा लावल्या. आईनं भांडं आणि वरचा डबा यांच्या सांध्यावरूनच कुंकवाची पाच बोटं ओढली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी माल भरला. बायकोचं माहेर फर्दापूर, म्हणजे वाटेवरच. म्हणून तिला आणि तीन वर्षांच्या मुलीला केबिनमध्ये घेतलं. सिल्लोड मागं पडलं, अजिंठा गाव ओलांडलं. आता पुढं घाट, सगळा उतार. दुपारचे बारा वाजले असतील, ऊन लख्ख. मुलीला पाणी पाजायला गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच होतं. गिअर टाकणार, तोच बॉनेटवर ठोके पडले. टक... टक-टक.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. चाचांची खूण होती ती! इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून ते पान्यानं असंच ठोकायचे. एक, मग थांबून दोन. म्हणजे — बंद कर.

“अहो, कोण ठोकतंय?” बायकोनं विचारलं. म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

इंजिन बंद करून उतरलो. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, दोन्हीकडं उघडं माळरान. बॉनेट उघडलं. सगळं जागच्या जागी. का कोण जाणे, हात फिल्टरकडं गेला. कुंकवाची पाचही बोटं सांध्यावर अख्खी होती, भांडं काढताना ती मलाच मोडावी लागली. आत बघितलं तर तेल बरोबर रेघेवर!

मग वरचं तेल गेलं कुठं? भांड्याला चीर नाही, खाली थेंब नाही. इंजिनानं ओढलं म्हणावं तर निळा धूर सुटला असता. मी आरशात बघतच आलो होतो, धूर नव्हता. बायको म्हणाली, “तुम्हीच कमी भरलं असंल.” आता आईच्या हट्टापायी भरलेलं मी कसा विसरेन?

फर्दापूरला सासुरवाडीजवळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीला सहज विचारलं, की रेघेच्या वर तेल गेलं तर काय होतं. तो काम टाकून माझ्याकडं बघतच राहिला.

“घाटात इंजिन त्ये तेल वढून घेतं. मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाय, त्या तेलावरच पळत सुटतं. लई बेकार. माझ्या डोळ्यादेखत एक गाडी दरीत गेली.”

सासुरवाडीच्या घरी आलो तर मुलगी तिथल्या आजीच्या मांडीवर बसून मोसंबी खात होती. मी उंबऱ्यावरच बसलो.

दुसऱ्या दिवशी जळगावहून परतताना थेट चाचांचं घर गाठलं. ते खाटेवर पडून होते. मी तोंड उघडायच्या आतच चाची म्हणाल्या, “भानुदास, अजीब बात हुई रे. कल दोपहर को इनका सीधा हाथ देखी मैं — वही, जो हिलता बी नहीं — तो कोहनी तक काला. ऑईल! दो महीने से गॅरेज बंद है. तीन बार साबुन से धोई. और चादर पे एक दाग नहीं!”

मी चाचांचा तो उजवा हात हातात घेतला. नखांत अजून काळं होतं. वास घेतला, ऑईलचाच होता. त्या हातावर डोकं ठेवून मी लहान पोरासारखा रडलो. चाचांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यात एक टप्पल मारली... आणि गालातल्या गालात हसले. दिवाळीच्या आधीच ते गेले.

हे कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. हुशार लोकांना विचारून झालं, मौलवींना आणि गुरुजींनाही विचारून झालं. कुणाचंच उत्तर पुरं पडत नाही, आणि खरं सांगू — मला आता त्याची गरजही वाटत नाही. मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. चाचा, त्या दिवशी रडण्याच्या नादात बोलायचंच राहिलं. आम्हा तिघांकडून, आणि त्या दोन लेकरांकडूनही — शुक्रिया.