अर्थिंगचे तीन खड्डे

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी कप खाली ठेवा. मी जो गाढवपणा केला, तो आठवला की अजून मान वर करवत नाही.

नेटवर्किंगचा कोर्स मी जालन्याला केला. क्लासमध्ये खरा राउटर एकही नव्हता. होतं फक्त सॉफ्टवेअर. पडद्यावर राउटरचं चित्र ओढायचं, वायर जोडायची, कमांड लिहायच्या, आणि वरच्या 'सेव्ह'वर टिचकी मारून घरी जायचं. मी तर परतूर थेट लंडनला जोडलं होतं! खऱ्या राउटरला आत पंखा असतो, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

आमचे मामा परतूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम. शेठला जिनिंगचं कॉम्प्युटर बाजारात, मोंढ्यातल्या दुकानाशी जोडायचं होतं. मामांनी छातीठोकपणे सांगितलं, "मपला भाचा आहे ना! बिलकुल काळजी करू नका."

जमलं तर मला नोकरी. नाही जमलं तर मामांनी शेठला तोंड कसं दाखवायचं?

राउटर बसवला, कमांड टाइप केल्या, आणि काय सांगू, तासाभरात जमलं! मोंढ्यातून फोन आला, "दिसून राह्यलं सगळं!" शेठनी पेढे मागवले.

दुपारी लोडशेडिंग. लाईट आली, तर राउटर कोरा करकरीत. मला ओळखसुद्धा देईना!

"काय झालं रे?" शेठ.

मला काय डोंबल कळतंय? समोर जिनिंगचे म्हातारे वायरमन रशीदचाचा टेस्टर घेऊन उभे होते. मी ठोकून दिलं, "अर्थिंग बराबर न्हाई. झटका बसला मशीनला."

चाचांनी भर उन्हात खड्डा खणला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, चार बादल्या पाणी. तेवढ्यात मी सगळं पुन्हा टाइप केलं. चाललं! "बघा, अर्थिंगच होतं," मी म्हणालो. लाज? ती अजून यायची होती.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली, राउटर कोरा. दुसरा खड्डा. तिसऱ्या दिवशी तिसरा! शेठ चाचांवर उखडले, "इतकी वर्षं काय केलं मंग तुम्ही?"

तिसऱ्या खड्ड्यातून चाचा वर आले आणि माझ्याजवळ बसले. हळूच म्हणाले, "बेटा, तुझी मशीन मला कळत न्हाई. पण मपल्या पोरीनं कॉम्प्युटरवर अर्ज लिहिल्ता, लाईट गेली आन् सगळा गेला. मास्तर म्हणले, सेव्ह करायचं राह्यलं. तू केलं का?"

पडद्यावरचं ते बटण खऱ्या राउटरला कुठून येणार? त्याला वेगळी कमांड द्यावी लागते. क्लासमध्ये सांगितली असेल हो, पण मी तेव्हा लंडनमध्ये होतो!

क्लासच्या पुस्तकात ती शोधली, सगळं पुन्हा टाइप केलं आणि शेवटी ती कमांड दिली. चाचांनी मेन स्विच पाडला, परत चढवला. राउटर ठणठणीत, सगळं जागच्या जागी.

शेठ धावत आले. "काय होतं मंग?"

मामा माझ्याकडं बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "अर्थिंगच."

चाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग शेठना म्हणाले, "हां शेठ. मपलीच गलती होती."

"उद्यापासून कामावर ये तू," शेठ मला म्हणाले. "आन् पहिलं काम हे कर. दुसरा वायरमन बघ."

मी बघितला.