मोडून ठेवलेली बंदूक

माझा आवाज लहानपणापासून बारीक. चौथीत गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे तेव्हा पुढे बसलेल्या मुलींनाही ती ऐकू जात नसे. लग्न होऊन उंद्रीजवळच्या या गावात आले, तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या की सून चांगली आहे, पण घरात आहे की नाही ते भांड्यांच्या आवाजावरून ओळखावं लागतं. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती.

अशा बाईचा ज्वारीच्या राखणीला काय उपयोग? कणसात दूध भरलं की पोपटांचे, चिमण्यांचे थवे उतरतात. शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभं राहून हाळ्या द्याव्या लागतात, गोफण फिरवावी लागते. माझ्या हाळीनं एक चिमणी हलत नसे. दीर म्हणायचे, "वहिनीच्या आवाजानं पाखरं उडत नाहीत, झोपी जातात."

पण मला शेतात फार बरं वाटायचं. माळ्यावर वारा लागायचा, डोक्यावरचा पदर घसरला तरी कोणी बघत नसे, आणि कोणी काही बोलायला लावत नसे. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, ते कळत असावं. एका बाजाराच्या दिवशी बांगड्या भरायला म्हणून ते मला अमडापूरला घेऊन गेले आणि कुलपं, स्टो दुरुस्त करणाऱ्या एका चाचांच्या दुकानासमोर थांबले. चाचांनी एक जुनी हवेची बंदूक नीट करून ठेवली होती. चालवणार कोण, असं त्यांनी विचारलं. मामाजींनी माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं आता हसतील, पण ते हसले नाहीत. त्यांनी बंदूक मधोमध वाकवली. तिची नळी बिजागरीसारखी खाली झुकते, त्याला मोडणं म्हणतात. वाकवलेल्या नळीतून त्यांनी मला आभाळ दाखवलं.

"बेटी, हे खिलौना नोहे," ते म्हणाले. "घरात मोडूनच ठेवायची. नळीतून उजेड दिसला त बंदूक. नाही दिसला त जनावर समजायचं."

मी त्या बंदुकीनं एकही पाखरू मारलं नाही. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मातीला लागून गोड्या तेलाचे रिकामे डबे टांगले होते. छर्रा डब्यावर बसला की ठण्णकन आवाज व्हायचा आणि सगळा थवा एकदम उठायचा. डबा चुकला तरी छर्रा मातीत जायचा. वाटेनं कोणी येताना दिसलं की मी बंदूक मांडीवर मोडून ठेवत असे आणि माणूस पार दिसेनासा होईपर्यंत तिला हात लावत नसे. घरी आल्यावर नळीतून उजेड पाहायचा, बंदूक मोडलेलीच उंच खुंटीला अडकवायची, छर्र्यांची डबी कोठीच्या खोलीत दाण्यांमागे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आमची बंदूक कधी भरलेली नसते.

त्या ठाऊक असण्यानंच घात केला.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाड, पाभर, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच बंदूकही. मी पुरणात अडकले होते. पाटावर सगळं मांडताना सासूबाईंना ती मोडलेली बंदूक बरी दिसेना. मोडलेली वस्तू पूजेला कशी ठेवायची? शिवाय आमच्यात रिकामं काही पुजत नाहीत. जात्यात मूठभर दाणे घालतात, सुपातही घालतात. तशाच भक्तिभावानं त्यांनी डबीतला एक छर्रा नळीत ठेवला, बंदूक सरळ केली, हळदकुंकू वाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. शेजारचे बुवा ओसरीवर दाराशी बसून पाणी पीत होते. दिरांना बंदुकीचा नुसता आवाज ऐकवायची हौस आली. त्यांनी नळी मोडली, लगेच सरळ केली, आत पाहिलं नाही. बंदुकीचं तोंड दाराकडे करून चाप दाबला.

बुवांच्या हातातला तांब्या ठणकन वाजला आणि अंगणात जाऊन पडला. त्यांच्या धोतरावर पाणी सांडलं. डोळा वाचला, तो तांब्या तोंडाशी होता म्हणून.

दीर पांढरेफटक पडले. सासूबाईंनी रडत रडत छर्र्याची गोष्ट सांगितली. मामाजींनी बंदूक उचलली, मोडली, आणि म्हणाले की बाजाराच्या दिवशी ती चाचांना परत जाईल, उद्यापासून राखण दीर करतील, सुनेनं घरी राहावं.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ओसरीवर पुरुष बसले असताना मी कधी उंबरा ओलांडला नव्हता. पण डोळ्यांपुढे तो माळा आला, ते डबे आले, आणि ठण्णकन वाजणं थांबलेलं ते शेत आलं. मी पदर ओढून बाहेर आले.

"मामाजी, बंदूक देऊ नका," मी म्हटलं. "पूजा मोडूनच करत जाऊ."

सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं, "मोडलेलं पुजतात काय व माय?"

"गाडी पुजतो तवा बैल सोडलेले असतात, आत्याबाई. जू खाली टेकलेलं असते. तिले कोणी मोडकी म्हणते काय?"

एवढं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. दीर खाली पाहत पुटपुटले, "वहिनीले बोलता येते म्हणजे." कोणी हसलं नाही.

मामाजी बुवांकडे पाहू लागले. छर्रा त्यांना लागता लागता राहिला होता, म्हणून निकालही त्यांचाच. बुवांनी तांब्या आणायला लावला आणि पोचा पडलेल्या जागी अंगठा फिरवला.

"छर्रे कोणाजवळ राहतीन?" त्यांनी विचारलं.

"माह्याजवळ. कमरेले."

"अन पूजेच्या दिवशी?"

"त्या दिवशीबी."

"मंग राहू द्या," बुवा मामाजींना म्हणाले. "आतापर्यंत तिच्या हातून काही झालं नाही. झालं ते आपल्या हातून झालं."

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर गेले. छर्र्यांची डबी चंचीत घालून कमरेला खोचली होती. पहिला नेम चुकला. दुसऱ्याला डबा वाजला.

पुढच्या दसऱ्याला बंदूक पाटावर मोडून ठेवली होती. रिकामं राहू नये म्हणून सासूबाईंनी नळीच्या तोंडाशी झेंडूची एक पाकळी ठेवली. ती मला आधी विचारून. दिरांनी बंदुकीला नमस्कार केला तो हात मागे बांधून, आणि सगळे हसले. संध्याकाळी बुवा आले. सोनं द्यायच्या आधी त्यांनी वाकून नळीत पाहिलं, पाकळी बाजूला सारून उजेड पाहिला, मग ओसरीवर टेकले. मी पाणी दिलं, त्याच पोचा पडलेल्या तांब्यातून. ते पिऊन झाल्यावर म्हणाले की त्यांच्या वावरातही पोपट फार उतरतात, एक डबा त्यांच्या धुऱ्यालाही टांगता आला तर बरं होईल.

मी मान डोलावून "हाव" म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं.