आडाची कप्पी

चहा आला की मामा आधी दोन्ही हात काखेत घालायचे. कपाला हात लावायची घाई नाही. डोळे मिटून बसायचे, आणि कुणी "मामा, निवतोय," म्हणालं की म्हणायचे, "निवू दे की. हात अजून मशिनीवरच हायत. खाली येऊ देत."

तुम्ही रस्ता फोडणारा ब्रेकर चालताना पाहिला असेल. ती धडधड कानावर आली की तोंड वाकडं करून पुढे गेला असाल. मीही गेलो असतो, पण माझं पोटच त्या आवाजावर होतं. मी कंत्राटदाराचा कॉम्प्रेसर चालवायचो. त्याची हवा पाइपातून मामांच्या ब्रेकरला जायची. हवा मी सोडायची आणि हाडं त्यांची हलायची, अशी आमची वाटणी. सोलापुरातल्या एका गिरणीत जुन्या इंजिनाचा पाया फोडायचं काम चाललं होतं. चुना आणि काळा दगड, गोऱ्या साहेबाच्या काळातला. छिन्नी टेकवली की ठिणगी उडायची, दगड काही हलायचा नाही.

मामा अक्कलकोटकडचे. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेले, बोलण्यात कानडी मिसळलेली. डोक्याला पांढरा पटका, आणि तो असा बांधलेला की दिवसभराच्या हादऱ्यानं त्याची एक घडी सुटायची नाही. गावातल्या नवरदेवाला फेटा मामांनीच बांधायचा, असा तिथला रिवाज होता. "आता आमच्याच पोरीचं ठरवायचंय," म्हणायचे. "जावयाला ह्या हातानं फेटा बांधला की सुटलो बघ. मग गळून पडंनात का हे हात." एवढी एकच हाव होती त्या माणसाला.

आमच्या गड्यांना एक वाईट खोड होती. हात भरून आले की ब्रेकरच्या मुठीवर पोट टेकवायचं आणि सगळं अंग टाकून उभं राहायचं. यालाच मर्दपणा म्हणायचे! संध्याकाळी हेच मर्द भिंतीला धरून ओकायचे. मामांना ते दिसलं की तिथूनच ओरडायचे, "यप्पा! पोट काढ आदी! सैल धर. तिचं काम तिला करू दे की. निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. मुठींना त्यांनी फाटक्या चादरीचे काठ गुंडाळले होते. आणि एका ब्रेकरला दोन गडी, ही तर त्यांची आणच होती. एकानं फोडायचं, दुसऱ्यानं तोवर राडारोडा उचलायचा, मग अदलाबदल. याला आम्ही हातबदली म्हणायचो. जोडीदार दमला की मामा त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे, बस्स, तो बाजूला व्हायचा.

फोडण्यापेक्षा जीव जायचा तो रुतलेला ब्रेकर वर उपसताना. एकदा मामा गावाहून आले ते खांद्यावर आडाची लाकडी कप्पी घेऊन. म्हटलं, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "आडाला पानीच न्हाय. तितं वाळत पडली हुती. हितं तरी फिरंल." तीन वासे उभे करून त्यांनी ती टांगली. दोराच्या एका टोकाला ब्रेकर, दुसऱ्या टोकाला दगडगोट्यांनी भरलेलं पोतं. नुसता हात लावला की ब्रेकर वर! कुणाचाही रुतला की वासे उचलून तिथं न्यायचे. गडी चेष्टा करायला लागले, "मामा, पानी कवा लागायचं?" मामा म्हणाले, "लागलं की. तुझ्या कपाळावर काय हाय मग?"

त्या संध्याकाळी कुणी ओकलं नाही. मामांनी चहा गरम असतानाच प्यायला. मी मनात म्हटलं, देव आहे म्हणायचा.

कसला देव आणि काय! कंत्राटदार आला. त्यानं एका बोटानं ब्रेकर वर-खाली करून पाहिला, मामांची पाठ थोपटली, सगळ्यांना भजी मागवली. आम्ही येडे, हरखून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम म्हणाला, "आता वजनच राहिलं नाही, तर एका मशीनला दोन गडी कशाला?" मामांचा जोडीदार तिथल्या तिथं घरी गेला. इतर ब्रेकरवरचे दुसरे गडीही गेले. हातबदली संपली.

मामा मुकादमाला म्हणाले, "वजन कप्पीनं घेतलं, मुकादम. हादरा कोन घ्येनार?"

"तूच की," मुकादम म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कॉम्प्रेसर बंद केला. मुकादमानं फाटकाकडे बोट दाखवलं. बाहेर दुष्काळानं आणलेली माणसं कामासाठी ताटकळत बसली होती. मामाच माझ्याकडे बघून म्हणाले, "चालू कर बाबा. पोरीचं लगीन हाय."

पुढे त्यांनी स्वतःच कप्पी उतरवली. "हिच्यापायी जोडीदाराच्या पोटावर पाय आला. आडाची वस्तू आडालाच बरी." त्यांना वाटलं असेल, वजन परत आलं की दुसरा गडीही परत येईल. कंत्राटदारानं बाजारातून लोखंडी कप्प्या आणल्या आणि प्रत्येक ब्रेकरवर टांगल्या. आता सांगा, याला काय म्हणायचं? मी तर जे म्हणायचं ते तेव्हाच म्हणून घेतलंय, इथं लिहिण्यासारखं नाही.

थंडीत मामांची बोटं पांढरीफटक पडायला लागली. चहा पार गार व्हायचा, तरी हात काखेतून निघायचे नाहीत.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला आठवतात ते मुलीच्या लग्नातले. आडाला पाणी आलं होतं, त्यावर तीच कप्पी कुरकुरत होती. नवरदेव पाटावर बसला. मामांनी फेट्याचा पहिला वेढा घातला. दुसऱ्याला घडी चिमटीत येईना. सुटली. परत धरली, परत सुटली. सगळं गाव बघत होतं.

"राहू द्या, मामा," जावई हळूच म्हणाला.

फेटा पुतण्यानं बांधला. मामा हात काखेत घालून शेजारी उभे. "आवळू नगंस. सैल धर. निधान," एवढंच बोलले. मला तिथं उभं राहवेना, पण जायचं तरी कुठं?

मंगलाष्टकं सुरू झाली. मामा माझ्या पुढेच उभे होते. मूठ घट्ट मिटलेली, तरी तिच्यातल्या अक्षता थरथरत एकेक करून त्यांच्या पायांवर गळत होत्या. शेवटचं सावधान झालं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मामांनीही हात वर करून टाकल्या. मुठीत काहीच नव्हतं.