मी म्हणलं, पाट लागलाय

लेकरू निजलंय तवर जल्दी लिहून घेते. दुसरीपर्यंतच शिकले मी, चुकलं तर सांभाळून घ्या.

पहिल्या घरी मला मूल झालं न्हाई म्हणून पंचांनी आमची काडी मोडली. काडीमोड झालेल्या बाईचं आमच्यात दुसऱ्यांदा लगीन लागत न्हाई, पाट लागतो. तसा माझा घनसावंगीकडं पाट लागला. माणूस चांगला मिळाला, पर इथंबी दिस जाईनात, अन् ओटीपोटात सारखी कळ. मला एकच भ्या, इथंबी काडी मोडली तर मंग मी जाऊ कुठं?

निजामाचं राज गेल्तं, मोटार सुरू झाल्ती. सासू मला जालन्याला घिऊन गेली. तिथं किरिस्तावाच्या सिस्टरबाईचा दवाखाना व्हता. बाई दूरदेशाची, पर मराठी बोलायची, पुस्तकातली.

तिनं इचारलं, "तुझं लग्न झालं आहे ना?"

मी म्हणलं, "न्हाई जी, पाट लागलाय."

तिचा चेहराच बदलला. "लग्न नाही, आणि मूल हवं?"

सासू उसळली, "अवो बाई, पाट म्हंजी काय ठिवलेली हाय का? दुसऱ्यांदाचा हाय म्हणून पाट, चार पंचांम्होरं लागलाय. सोता लगीन करीना अन् आमच्या सुनंला इचारू राह्यली!"

सिस्टरला हसू आलं. मंग हळूच म्हणली, "पहिला नवरा वारला का?"

सासूनं माझ्या दंडाला चिमटा घेतला, व्हय म्हण म्हणून. पर भ्यानं माझ्या तोंडून खरंच निघालं, "हाय की जित्ता. टेंभुर्णीला. पंचांनीच काडी मोडली."

सिस्टर म्हणली, "आमच्या धर्मात नवरा जिवंत आहे तोवर लग्न मोडत नाही. पंचांनी मोडलं तरी. मूल होण्याचं औषध मला तुला देता येणार नाही, बाई."

पोट धरून खालीच बसले.

"दुखतं?"

"रोजच दुखतं जी."

तिनं आत नेऊन मला तपासलं. भायेर येऊन म्हणली, "आत सूज आहे. हा आजार आहे. आजाराचं औषध देताना कोण कुणाची बायको, हे मी विचारत नाही."

सासू लगेच, "अन् त्या औषधानं लेकरू झालं तर?"

"तर होईल. मी अडवणार नाही."

सुया घेतल्या, कळ थांबली, अन् मंग दिस गेले.

बाळंत झाल्यावर सगळे खूश, पर मला निजच येईना. तिच्या देवाच्या घरी मी अजून त्या टेंभुर्णीवाल्याचीच बायको, मंग हे लेकरू तिथं कुणाचं? शेवटी लेकरू घिऊन सिस्टरकडं गेले अन् तेच इचारलं.

तिनं हात पुसले, लेकराला उचललं, डोळे बघितले, नाळेची जागा बघितली. म्हणली, "याच्याबद्दल मला काही शंका नाही. तुझ्याबद्दल मात्र मी अजून देवाला विचारते."

"देव काय म्हणतो जी?"

"अजून काही बोलला नाही."

मी लेकरू परत घेतलं अन् पदराखाली झाकलं. मोटारीत बसले तरी पदर काढला न्हाई.