भिंतीवरचं पोट

ये ग, अशी जवळ सरक. लिहून राह्यले खरं, पण तू समोर बसलीस असंच धरून लिहिते. रागच हाय तुझ्यावर माझा. सर्जन व्हायला निघालीस, दिवसभर लोकांची पोटं चाचपतीस, आन् मावशीला फोन करायला तुला फुरसत न्हाई. केलास तर हूं हूं करून ठेवून देतीस. तुझ्या आईनं तुला सांगितलं म्हणे, मावशी ऑपरेशन सोडून दवाखान्यातून पळून आली. तू हसलीस म्हणे. पळून न्हाई आले बाई. उतरून आले. काय झाल्तं ते आधी ऐक. मंग हस.

त्यांनी मला चाकाच्या खाटेवर घालून हॉलमधे नेलं. ऑपरेशनच्या खोलीत न्हाई, हॉलमधे. जालन्याचा मोठा दवाखाना, त्याच्या वरच्या मजल्यावर लग्नाचा असतो तसा हॉल. थंडगार. खुर्च्यांच्या रांगा, खुर्च्यांवर डॉक्टर, सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले. कुणाच्या हातात चहाचा कागदी कप, कुणाच्या हातात बिस्किट. माझ्या पोटात आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब न्हाई. अंगावर हिरवा झगा, मागून नाड्या बांधायचा. तो त्यांनी गुंडाळून छातीपर्यंत वर सरकवला. कमरेखाली चादर. मधलं सगळं उघडं.

वर कॅमेरा. समोरच्या भिंतीवर पडदा. आन् पडद्यावर माझं पोट.

भिंतीएवढं.

मी माझं पोट असं कधी बघितलंच नव्हतं. आपल्याला कुठं दिसतं ग? न्हाताना मान खाली घातली तर दिसंल तेवढं. तिथं सगळं दिसत होतं. बाळंतपणाच्या रेघा. गर्भपिशवी काढली होती त्या टाक्याचा वण. त्या वणातून वर आलेला गोळा, आतून कुणी मूठ दाबून धरावी तसा. तोंड न्हाई. हात न्हाई, पाय न्हाई. नुसतं पोट. कुणाचं हाय ते कुणाला कळायचं कारण न्हाई.

मोठे सर लांबच्या शहरातून आल्ते. कॉलरला बारीक माईक लावलेला. सगळ्या डॉक्टरांना दुर्बिणीनं हर्निया कसा शिवायचा ते शिकवायला आल्ते. मला म्हणाले, "आजी, खोका."

मी खोकले. गोळा वर आला. भिंतीवरचा गोळा माणसाच्या डोक्याएवढा झाला.

"बघितलं? आता एकेकानं या. हाताला कळायला पाहिजे."

मंग रांग लागली. बहुतेक पुरुष. थंड हात. "खोका आजी." "आजी खोका." "जोरात." "खांसो, अम्मा, खांसो." एकानं हात ठेवला आन् मान मागं वळवून मित्राशी बोलत राह्यला, मी खोकले तरी त्याचं ध्यान न्हाई, मंग पुन्हा म्हणाला, खोका. घसा कोरडा पडला. खोकला खोटा, पण दुखणं खरं. एकालाही वाटलं न्हाई की विचारावं, बाई, हात लावू का?

तुला आठवतं, तुझे काका असताना दीर दारात आला तरी मी पदर सावरून बसायची. म्हातारपणी ते सगळं गेलं, जाऊ दे, दवाखान्यात कसली लाज, हे मला समजतं. डॉक्टरनं बघितल्याची लाज न्हाई वाटली मला. विचारलंच न्हाई ह्याची वाटली.

मंग मोठे सर माईकमधून बोलले. शब्द जसाच्या तसा सांगते, कारण रोज ऐकू येतो.

"गर्भपिशवी काढून घेतात, लगेच वजनं उचलतात, वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात. पोटाचं पोतं करून आणतात आणि मग आपल्याला म्हणतात, शिवून द्या."

हॉल हसला.

वजनं उचलतात. कुणी उचलायची होती मंग? तुझे काका गेले तेव्हा मोसंबीची बाग तोडणीला आल्ती. व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर उभी. फळांनी भरलेले कॅरेट बांधावरून मीच नेले. टाका ओला होता. तेव्हा कुणी माईक घेऊन न्हाई आला, बाई, ठेव ते खाली, म्हणायला.

हसू थांबंना. तेव्हा मी मान वळवून आपला माणूस शोधला.

आपला म्हणजे भोकरदनचा डॉक्टर. नाव लिहीत न्हाई. त्याचा बाप आन् तुझे काका एका वर्गातले. थंडीत हुरड्याला मळ्यात यायचा, काकू काकू करत मागं फिरायचा. त्यानंच मला तपासलं होतं. "काकू, जुन्या टाक्यातून आतडं बाहेर यायलंय. मोठी चीर देऊन केलं तर बरेच दिवस खाटेवर पडाल. दुर्बिणीनं केलं तर बारीक भोकं, आतून जाळी लावायची, जल्दी उठून बसाल. जालन्याला मोठे सर येणार आहेत, तुमचा नंबर लावतो. खर्चा बिलकुल नाही." एवढं सांगितलं. शिकवणीसाठी नेणार, हॉलमधे दाखवणार, हे न्हाई सांगितलं. सोबत कोण येईल, असं दवाखान्यानं विचारलं. माझ्या पोराला पुण्याच्या कंपनीतून सुट्टी मिळंना. तर डॉक्टर म्हणाला, "मी आहे ना काकू, मीच तुमचा माणूस."

तो मला पुढच्याच रांगेत दिसला. माझ्यावर नजर पडली तसा त्यानं चहाचा कप तोंडापुढं धरला. पण खांदे हलून राह्यले होते.

हसत होता ग तो.

"ही तुमची पेशंट ना?" सरांनी त्याला विचारलं.

"हो सर, माझी केस आहे." काकू न्हाई. केस.

त्या वेळी मला जे वाटलं ते राग नव्हता. आधी नुसतं एकटं वाटलं. एवढा भरलेला हॉल, आन् मी पडले होते तिथं माझ्या बाजूनं कुणीच न्हाई. भिंतीवरचं पोटसुद्धा त्यांच्याच बाजूचं. त्यांनी म्हणावं खोका, आन् त्यानं वर यावं.

"आजी, अजून एकदा. जोरात."

मी खोकले न्हाई.

"आजी, खोका."

पडद्यावर पोट गप. श्वासानं हलंल तेवढंच.

"ऐकू येत नाही का आजींना?"

"ऐकू येतं," मी म्हणाले. "खोकत न्हाई."

माझा आवाज त्यांच्या माईकमधून हॉलभर गेला. मीच दचकले. मंग मी हात खाली नेला, कमरेवरची चादर धरली आन् गळ्यापर्यंत ओढून घेतली. भिंत हिरवी झाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती हिरवी चादर. बघायला काही न्हाई.

कुणीतरी म्हणालं, "अरे, अरे."

"हे पोतं न्हाई," मी म्हणाले. "ह्यातून दोन लेकरं निघालीत. तुम्हाला शिकायचंय तर विचारा. पडदा लावा. एकेकानं या. हसू नका. मंग म्हणाल तितक्या वेळा खोकते."

सर माझ्याशी बोललेच न्हाईत. घड्याळ बघितलं आन् त्यांच्या माणसाला म्हणाले, "वेळ नाही. कॅन्सल करा. दुसरी केस घ्या."

बस. एवढ्यात संपलं. नर्सबाई खाट ढकलत बाहेर घेऊन आली. बिचारी कानाशी लागून म्हणाली, "मावशी, असं नका करू. पुन्हा नंबर लागणार नाही तुमचा. आत जाऊन माफी मागा, मी खाट वळवते." मी म्हणाले, मला माझं लुगडं दे.

आन् आता ऐक. ही गोष्ट मी तुझ्या आईला सांगितली न्हाई.

बाहेर व्हरांड्यात अजून एक खाट होती. तिच्यावर वडीगोद्रीकडची एक बाई, माझ्याहून लहान. तसाच हिरवा झगा, तशीच उपाशी. मला बघून घाबरली. "झालं का हो तुमचं? दुखतं का?" मी तोंड उघडलं. काय सांगू, कुठून सांगू? तेवढ्यात वॉर्डबॉयनं तिची खाट ढकलली. दार उघडलं, दार लागलं. मी नाड्या सोडत उभी होते आन् आतून माईकचा आवाज आला.

"मावशी, खोका."

ती खोकली.

मी न्हाई म्हणाले त्यानं काय झालं? त्यांचं काहीच अडलं न्हाई. एक पोट गेलं, दुसरं आलं.

एस.टी.नं परत आले. राजूरपर्यंत बसायला जागा मिळाली न्हाई. गतिरोधक आला की एका हातानं दांडा, दुसऱ्यानं पोट धरायची. मंग सीटवरची एक पोरगी उठून म्हणाली, आजी, बसा. तेवढं एक बोलणं त्या दिवशी मला कुणी माणसासारखं बोललं. घरी आले, कुलूप काढलं. चूल पेटवायची हिंमत न्हाई राह्यली. दूध होतं, ते थंडच पिले.

पोराचा फोन आला. "आई, काय गरज होती? फुकट होत होतं. दोन मिनिटं गप पडली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हणाले, काही न्हाई बिघडलं असतं. तो म्हणाला, मग? मी फोन ठेवला. गल्लीतल्या बाया आधी विचारायला आल्या, मंग येईनाशा झाल्या. लई शहाणी झाली म्हणतात. आता पोटाला पट्टा बांधते. आडवी पडले की गोळा आत सरकतो, उठले की बाहेर येतो. घागर उचलत न्हाई, तांब्या तांब्यानं पाणी भरते. दिवसभर बोलायला कुणी न्हाई, तर ह्या गोळ्याशीच बोलते. हसू नको.

मंग एका दुपारी डॉक्टर आला. बसला न्हाई. उभ्यानंच म्हणाला, "काकू, तुम्ही माझी इज्जत घालवली."

"तुमची?"

"सर त्या दिवशी मला हाताखाली घेणार होते. दुर्बीण माझ्या हातात देणार होते. दिली नाही. म्हणाले, आधी पेशंट सांभाळायला शिका." त्याचे डोळे भरलेले होते, खोटं कशाला सांगू. "आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांनी शिकायचं कुठं? कोण शिकवतं आम्हाला? असंच कुणाच्या तरी मागं उभं राहून शिकावं लागतं. मी शिकलो तर तुमच्यासारख्या बायांना जालना नको, संभाजीनगर नको. इथं भोकरदनला होईल."

खरं होतं ते. बराबर होतं. मी म्हणाले, "शिका की. माझ्यावरच शिका. मी कुठं न्हाई म्हणते?"

"मग?"

"तुम्ही हसलात."

तो हळू म्हणाला, "सर बोलले की हसावं लागतं काकू."

"तुम्हाला हसावं लागतं, आम्हाला खोकावं लागतं. मंग न्हाई म्हणायचं कुणी?"

तो दाराकडं वळला. चपला घालता घालता म्हणाला, "सर पुन्हा येणार आहेत. तुमचं नाव घालतो. फक्त एकदा सॉरी म्हणा. एवढंच. पोट असं ठेवणं चांगलं नाही, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल."

"ठावं हाय मला," मी म्हणाले. "सॉरी न्हाई म्हणत."

चहा गाळून ठेवला होता, तो तसाच राह्यला.

तर आता माझं ठरलं ते सांगते. सर येणार त्या दिवशी मी जालन्याला जाणार. झगा घालायला न्हाई. त्या व्हरांड्यात बसायला. जी जी बाई उपाशीपोटी खाटेवर पडून वाट बघत असंल, तिच्या उशाशी जाऊन सांगणार. आत भिंतीवर तुझं पोट दिसंल. लोकं हात लावतील. तू म्हण, आधी विचारा. पडदा लावा. न्हाई विचारलं तर खोकू नको. ऑपरेशन सोडू नको, खोकणं सोड. एकीला कॅन्सल करून दुसरी घेतली त्यांनी. सगळ्याच गप पडल्या तर कुणाला घेतील? मला हाकलतील, मी पुन्हा येऊन बसंन. पट्टा घट्ट बांधून बसंन. माझं आतडं अडकायचं तवा अडकंल, त्याची भीती वाटते, रोज वाटते. पण मान खाली घालून मी त्या हॉलमधे पाऊल ठेवणार न्हाई. जिवावर बेतलं तरी न्हाई.

आन् तुझ्या आईनं सांगितलं, सरांच्या त्याच शिबिरात तूबी शिकायला यायली हायेस. तुझंबी नाव लागलंय म्हणे.

तर त्याच्या आधी घरी ये बाई. उशीर करू नको, ह्याच आठवड्यात ये. तुझ्यासाठी खाट टाकून ठेवते. मी त्या दाराच्या बाहेर असणार हाय. आत सर बोलतील आन् हॉल हसंल, तेव्हा तू काय करशील, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं हाय.